दोन्ही भाषा अर्ध्याअर्ध्याच येतात, मग स्वतःला द्वैभाषिक म्हणायचं का?

काठावरची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझी पहिली भाषा मराठी. नाती, भांडणं, लाड, चिडचिड सगळं मराठीत. दुसरी भाषा मी मोठेपणी शिकले, कामासाठी. कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा त्या भाषेवरच जाईल. कामापुरतं माझं आता छान चालतं. मीटिंग, मेल, रिपोर्ट, एखादा मुद्दा पटला नाही तर समोरच्याशी वाद घालणं, यात कुठे अडत नाही. पण कामाच्या बाहेर आले की गाडी अडते. टीममधल्या एका मैत्रिणीचे वडील गेले, तिला फोन करायचा होता आणि काय बोलावं तेच सुचेना, शब्द माहीत नव्हते असं नाही, पण जे सुचत होतं ते सगळं ऑफिसच्या मेलसारखं वाटत होतं. चार जण एकदम गप्पा मारायला लागले की दोन मिनिटांत मी बाहेर. कोणी विनोद केला तर तो कळेपर्यंत बाकीच्यांचं हसून झालेलं असतं.

आणि उलटंही तितकंच खरं आहे. आई विचारते तू दिवसभर नेमकं काय काम करतेस, तर मला ते मराठीत सांगताच येत नाही, दर तिसरा शब्द तिकडचा. एका नातेवाईकांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "हिचं धड ना हे धड ना ते." ते फार लागलं, कारण मलाही आतून कधीकधी तसंच वाटतं.

तर विचारायचं हे की द्वैभाषिक म्हणजे नक्की कोण? दोन्ही भाषा सारख्या आल्या तरच का? आणि आता या वयात ती दुसरी भाषा कामाच्या बाहेर येऊ शकते का, की होती तेवढी झाली? कोणी या विषयातलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

अर्धविराम

काठावरची, मी भाषाविज्ञान शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी नव्याने समोर येतो, आणि विचारणारा दरवेळी असाच थोडा दुखावलेला असतो. म्हणून जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

तुमच्या त्या नातेवाईकांचं मत आज जन्मलेलं नाही. लिओनार्ड ब्लूमफील्ड नावाच्या मोठ्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1933 साली द्वैभाषिकतेची व्याख्याच अशी केली होती की दोन्ही भाषांवर मातृभाषेसारखं प्रभुत्व हवं. ऐकायला रास्त वाटतं. पण हा निकष लावून जगभर माणसं शोधायला निघालात तर रोज दोन भाषांत जगणारे बहुतेक सगळे बाद होतात, आणि त्यांना एकभाषिक तरी कसं म्हणणार? मग ते कोण? एखादी व्याख्या ज्यांच्यासाठी केली त्यांनाच बाहेर ठेवत असेल तर ती व्याख्या बदलायला हवी, माणसं नाही.

ती बदलली कोणी तर फ्रान्स्वा ग्रोजाँ यांनी. हे स्वतः फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांत जगणारे, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांची व्याख्या साधी आहे, जो माणूस रोजच्या जगण्यात दोन किंवा जास्त भाषा वापरतो तो द्वैभाषिक. किती शुद्ध, किती सफाईदार, उच्चार कसा, हे सगळं नंतर. 1989 मध्ये त्यांनी एका लेखात ठासून मांडलं की द्वैभाषिक म्हणजे एका शरीरात बसवलेली दोन एकभाषिक माणसं नव्हेत. त्यांचं उदाहरण मला फार आवडतं. अडथळ्यांच्या शर्यतीत धावणारा खेळाडू घ्या. नुसतं धावण्यात तो शंभर मीटरवाल्याच्या मागे पडेल आणि नुसत्या उडीत उंच उडीवाल्याच्या, पण म्हणून तो अर्धा धावपटू आणि अर्धा उडीवाला होत नाही, त्याचा खेळच वेगळा आहे आणि त्यात तो पूर्ण आहे.

आता तुमच्या बाबतीतला खरा मुद्दा. ग्रोजाँ यांनीच पुढे पूरकतेचं तत्त्व मांडलं, म्हणजे असं की माणूस वेगवेगळ्या भाषा वेगवेगळ्या कामांसाठी, वेगवेगळ्या माणसांबरोबर, आयुष्याच्या वेगवेगळ्या भागांत वापरतो, आणि ज्या भागात जी भाषा वापरली जाते तिथलेच शब्द, तिथल्याच बोलण्याच्या पद्धती त्या भाषेत तयार होतात. तुम्ही तुमचं काम मराठीत कधी केलंच नाही तर त्याचे शब्द मराठीत येणार कुठून? आणि सांत्वन त्या भाषेत कधी केलं नाही, कोणी केलेलं ऐकलंही नसेल, तर ते तिथे आयतं कसं सापडेल? तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं या तत्त्वाची इतकी नेमकी आहेत की वर्गात सांगावीत. तुमच्या दोन्ही भाषा अर्ध्या नाहीत. एकेका भाषेकडे आयुष्याचा एकेक भाग आहे आणि दोन्ही मिळून तुमचं बोलणं पूर्ण होतं. शेजारची एकभाषिक व्यक्ती जे सगळं एकाच भाषेत करते ते तुम्ही दोन भाषांत वाटून करता. एकाच भाषेची फूटपट्टी लावली तर तुम्ही कमीच भरणार, कारण मोजणारा अर्धंच मोजतोय.

आणखी एक. शब्द ओठांवर येऊन अडणं हे द्वैभाषिकांत जरा जास्तच होतं, हे प्रयोगांत दिसलंय. कारण एक भाषा बोलताना दुसरी बंद होत नाही, ती मागे जागीच असते. 1999 साली मारियन आणि स्पिव्ही यांनी रशियन आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला. एका भाषेत एखादी वस्तू उचलायला सांगितली, तर ज्या वस्तूचं नाव दुसऱ्या भाषेत तशाच आवाजाने सुरू होतं तिच्याकडेही डोळे क्षणभर वळत होते. म्हणजे मेंदूला प्रत्येक वाक्यात निवड करावी लागते. तुम्हाला जो क्षणाचा उशीर होतो तो या कामाचा आहे, त्याला अडाणीपणा समजू नका.

टेकडीवरचा

अर्धविराम, प्रतिसाद आवडला पण पूर्ण पटला नाही. "वापरतो तो द्वैभाषिक" म्हटलं तर चार मोडकी वाक्यं बोलणाराही त्यात आला, मग शब्दाला अर्थ काय उरला? मी अनुवाद आणि दुभाषाचं काम करतो. डॉक्टर आणि पेशंटच्या मध्ये बसायचं असतं तेव्हा "माझी व्याख्या व्यापक आहे" म्हणून चालत नाही, एक क्रियापद चुकलं तर औषध चुकेल. पातळी मोजावीच लागते. कौन्सिल ऑफ युरोपने 2001 मध्ये ए१ (अगदी नवशिका) ते सी२ (जवळजवळ पूर्ण प्रभुत्व) अशा भाषेच्या सहा पायऱ्या आखल्या त्या काही उगाच नाहीत.

आणि वयाचं म्हणाल तर मला वाटतं आपण लोकांना खोटी आशा लावू नये. लहानपणी शिकलेल्याची सर मोठेपणी येत नाही, हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. मी स्वतः मोठेपणी शिकलोय, मेहनत करून पोटापाण्यापुरती पक्की केली, पण ऐकणाऱ्याला दुसऱ्या वाक्यात कळतं की हा इथला नाही.

अर्धविराम

टेकडीवरचा, दुभाषाच्या कामाबद्दल शंभर टक्के सहमत. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत ना. एखादा द्वैभाषिक आहे का, हा त्याच्या जगण्याबद्दलचा प्रश्न, आणि अमुक कामाला त्याची भाषा पुरेल का, हा त्या कामाबद्दलचा प्रश्न. बहुतेक द्वैभाषिक माणसं चांगले अनुवादक नसतात, कारण अनुवादकाला एकच विषय दोन्ही भाषांत लागतो आणि सामान्य माणसाचे विषय वाटले गेलेले असतात. तुमचं कौशल्य म्हणूनच दुर्मिळ आहे. आणि त्या सहा पायऱ्या मी पण वापरतो, त्यातली चांगली गोष्ट म्हणजे वाचन, ऐकणं, बोलणं, लिहिणं यांची पातळी वेगवेगळी मांडता येते, म्हणजे एक माणूस वाचनात सी१ आणि गप्पांत बी१ असू शकतो आणि त्यात काहीच विचित्र नाही.

वयाबद्दल मात्र थोडं सावकाश घेऊ या, कारण इथे एका वाक्यात बऱ्याच गोष्टी कोंबल्या जातात. 1967 मध्ये लेनेबर्ग यांनी म्हटलं की भाषा शिकण्याचा एक ठरावीक काळ असतो आणि तो वयात येण्याच्या सुमाराला संपतो. तेव्हापासून वाद चालूच आहे. 2018 मध्ये हार्टशॉर्न, टेनेनबाम आणि पिंकर यांचा एक मोठा अभ्यास आला, इंटरनेटवरच्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीतून जवळपास 6 लाख 70 हजार लोकांची माहिती, त्यात दिसलं की व्याकरण शिकण्याचा वेग साधारण 17-18 वर्षांपर्यंत टिकतो आणि मग उतरतो, आणि अगदी मातृभाषिकासारखं व्याकरण हवं असेल तर दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात झालेली बरी. म्हणजे तुमचं म्हणणं निराधार नाहीच. पण मोठ्यांना शिकता येत नाही असंही त्यातून निघत नाही. उलट स्नो आणि हूफ्नाखेल-हॉले यांनी 1978 मध्ये हॉलंडमध्ये येऊन डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषिकांना वर्षभर तपासत राहून पाहिलं तर सुरुवातीच्या महिन्यांत मोठी माणसं आणि बारा ते पंधराची मुलं सगळ्यात पुढे होती आणि तीन ते पाचची पिल्लं सगळ्यात मागे. लहान मुलं पटकन शिकतात असं आपण म्हणतो, पण खरं तर ती दीर्घ काळात फार पुढे जातात. पटकन शिकतं ते मोठं माणूस.

उच्चारांचं दार मात्र खरंच लवकर लोटलं जातं. 1984 मध्ये वर्कर आणि टीस यांनी इंग्रजीभाषिक घरातल्या बाळांना आपल्याकडचे 'त' आणि 'ट' ऐकवले (प्रयोगात हिंदी होती, पण फरक तोच). सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो फरक ऐकू येत होता, दहा-बारा महिन्यांच्या बाळांना बहुतेक नाही. वर्षाच्या आतच कान आपल्या भाषेसाठी बसतो. म्हणून ॲक्सेंट राहतो, आणि राहू दे. जोसेफ कॉनरॅड पोलिश, इंग्रजी विशीत शिकला, म्हणजे ती त्याची तिसरी भाषा, इंग्रजीतला मोठा कादंबरीकार झाला आणि 1924 मध्ये जाईपर्यंत त्याचा उच्चार जाडच होता. उच्चार म्हणजे भाषा नव्हे, हे सांगायला मला त्याच्याहून चांगला माणूस माहीत नाही. "इथला नाही" हे कळणं आणि "येत नाही" यात फार अंतर आहे, टेकडीवरचा, आणि तुम्ही स्वतःच त्याचा पुरावा आहात.

काठावरची

वाचून डोळ्यांत पाणी आलं, खरंच. "मोजणारा अर्धंच मोजतोय" हे मी आईला वाचून दाखवणार आहे. टेकडीवरचा, तुमचं म्हणणंही मला महत्त्वाचं वाटतं, मला फक्त समाधान नकोय, पुढे जायचंय.

म्हणून आता प्रत्यक्ष विचारते. मी ॲप वापरून पाहिलं, व्याकरणाचं पुस्तक पुन्हा काढलं, सिरीज बघते सबटायटल लावून. फरक पडतो पण जिथे अडतं तिथे पडत नाही. गप्पा आणि भावना, या दोनच ठिकाणी. काय करू?

शब्दवेडी

मी मोठ्यांना भाषा शिकवते, अनेक वर्षं, त्यामुळे इथे माझी हजेरी लावते. काठावरची, तुला अगं-तुगं करते, चालेल ना?

तुझं जे झालंय त्याचा एक जुना दाखला आहे. कॅनडात 1965 मध्ये माँट्रियलजवळ सेंट लँबर्ट इथे इंग्रजीभाषिक मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली, तिथून हा प्रकार देशभर पसरला. मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत होती, ऐकून समजणं जवळजवळ फ्रेंच मुलांच्या तोडीचं झालं, पण बोलताना आणि लिहिताना व्याकरण अडखळतच राहिलं. मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये यातून सांगितलं की नुसतं ऐकून-समजून भागत नाही, स्वतः वाक्य तयार करावं लागतं, कारण समजून घेताना आपण अंदाजाने पार होतो, पण बोलताना प्रत्येक प्रत्यय स्वतः लावावा लागतो आणि तिथेच कळतं आपल्याला काय येत नाही. सिरीज बघून जिथे अडतं तिथे फरक पडत नाही, त्याचं कारण हे. सिरीज सोडू नकोस, पण बघून झाल्यावर त्या प्रसंगात मी काय बोलले असते ते मोठ्याने बोल, लाज वाटली तरी बोल, आणि मग पुन्हा तो सीन लावून त्यांनी काय म्हटलं ते ऐक. आता कान वेगळं ऐकेल, कारण त्याला कळलेलं असेल काय हवंय.

सांत्वनाबद्दल मला विशेष सांगायचंय. आपण समजतो की असे प्रसंग मनापासून बोलायचे असतात म्हणून शब्द आपल्या मनातून यायला हवेत. पण कुठल्याही भाषेत दुःखाच्या वेळी, अभिनंदनाच्या वेळी, माफी मागताना माणसं बहुतांशी ठरलेलीच वाक्यं बोलतात. मराठीतही तू तेच करतेस, फक्त ती लहानपणापासून कानावर पडलेली असल्यामुळे तुला ती आपली स्वतःची वाटतात. त्यामुळे व्याकरण जोडून वाक्य बनवत बसू नकोस, अख्खं वाक्य उचल. अशा वेळी लोक पहिलं वाक्य काय म्हणतात, मग काय विचारतात, किती वेळ गप्प राहतात, फोन ठेवताना काय म्हणतात, हे एखाद्या विश्वासातल्या व्यक्तीला सरळ विचार. लोक हे फार आनंदाने सांगतात, कारण इतकं आपुलकीचं त्यांना सहसा कोणी विचारत नाही. आणि उसन्या वाक्यात भावना उसनी नसते, हे लक्षात ठेव. तुझ्या मैत्रिणीला तू फोन केलास हेच पोचलं असेल.

गप्पांत बाहेर पडणं हा वेगळाच प्रकार आहे आणि यात तुझा दोष नाही. चार जणांच्या गप्पा हे ऐकण्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, माणसं एकमेकांचं तोडतात, अर्धी वाक्यं सोडतात, संदर्भ आधीच्या गप्पांतले असतात. मीटिंगमध्ये विषय ठरलेला असतो, पुढे काय येणार याचा अंदाज असतो, इथे नसतो. माझा सल्ला असा की चौघांत जाण्याआधी त्यातल्या एकाशी किंवा एकीशी नियमित बोल, कामाव्यतिरिक्त. एका माणसाचा आवाज, त्याचे लाडके शब्द, त्याची विनोदाची तऱ्हा ओळखीची झाली की घोळक्यात तोच तुझा आधार होतो. घोळक्यात असताना "थांबा, हे मला परत सांगा" म्हणायला शीक, आणि ते त्या भाषेत जितक्या सहज म्हणतात तितक्या सहज म्हण.

शब्दांचं गणित पण सांगते म्हणजे स्वतःवर चिडायचं थांबशील. पॉल नेशन यांनी 2006 मध्ये इंग्रजीपुरता हिशेब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र आरामात, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द कळून, वाचायचं तर आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात, बोलणं समजायला सहा-सात हजार. कुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक. कामाची भाषा ही त्यातली एक अरुंद पट्टी, तू ती फार खोल खणलीस पण ती अरुंदच आहे. आणि वेळेचं म्हणशील तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा आहे, त्यांच्या अनुभवाने इंग्रजीभाषिक माणसाला स्पॅनिश कामापुरती यायला वर्गातले सहाशे ते साडेसातशे तास लागतात आणि जपानी, चिनी किंवा अरबीला सुमारे 2200. हे पूर्णवेळ शिकणाऱ्या, निवडून घेतलेल्या माणसांचे आकडे आहेत, घरचा अभ्यास वेगळा. तू नोकरी सांभाळून शिकतेयस. "अजून येत नाही" म्हणताना हे आठवत जा.

ॲपबद्दल एवढंच की शब्द पाठ करायला ते ठीक आहे, मधे अंतर ठेवून उजळणी केली की टिकतं हे स्मरणशक्तीवर प्रयोग करणाऱ्या एबिंगहाऊसच्या काळापासून, म्हणजे 1885 पासून माहीत आहे. पण ॲप तुझ्यावर रागावत नाही, तुझ्या बोलण्याने हिरमुसत नाही. ते माणूसच करतं. आणि तुला हवी आहे ती भाषा तीच.

रानपाखरू

धागा वाचतेय, खूप काही मिळतंय. जरा विषयांतर करते, चालत नसेल तर सांगा, वेगळा धागा काढेन. आमच्याकडे मी मराठी बोलते आणि नवरा त्याच्या भाषेत, मुलगी तीन वर्षांची आहे आणि एकाच वाक्यात दोन्ही घालते. सगळे सांगतात एक भाषा बंद करा, मुलगी गोंधळलीय, मागे पडेल. मला मराठी बंद करायची कल्पनाही सहन होत नाही. खरंच गोंधळ होतो का?

अर्धविराम

विषयांतर अजिबात नाही. मराठी बंद करू नका, हे आधी सांगतो आणि मग कारणं देतो.

ही भीती सुद्धा जुनी आहे. 1923 मध्ये वेल्समध्ये सेअर नावाच्या संशोधकाने मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या आणि खेड्यातली द्वैभाषिक मुलं कमी पडतात असा निष्कर्ष काढला. तशा निष्कर्षांनी कित्येक वर्षं शिक्षकांचं आणि आईबापांचं मत घडवलं. पण त्या काळच्या बऱ्याच अभ्यासांत घरची परिस्थिती, शाळा, चाचणी कुठल्या भाषेत घेतली, यांची नीट तुलनाच केलेली नव्हती. 1962 मध्ये पील आणि लँबर्ट यांनी माँट्रियलमध्ये सारख्या परिस्थितीतल्या दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली तर द्वैभाषिक मुलं मागे नव्हती, बऱ्याच चाचण्यांत पुढे होती.

भेसळीबद्दल. शाना पॉपलॅक यांनी 1980 मध्ये न्यूयॉर्कमधल्या प्वेर्तो रिकन वस्तीतलं स्पॅनिश-इंग्रजी बोलणं अभ्यासलं. दोन्ही भाषा ज्यांच्या पक्क्या होत्या तेच लोक वाक्याच्या मधे सर्वात जास्त भाषा बदलत होते, आणि तेही जिथे दोन्ही व्याकरणं जुळतात तिथे. म्हणजे भेसळीला स्वतःचे नियम आहेत, ते पाळायला दोन्ही भाषा याव्या लागतात. लहान मुलं थोडी वेगळ्या कारणानेही मिसळतात, जो शब्द ज्या भाषेत माहीत आहे तो वापरतात, आणि यात हुशारीच आहे. तुमच्या लेकीला कोणाशी कुठली भाषा बोलायची हे कळतंय का ते बघा, आजीशी बोलताना मराठी वाढते का? वाढत असेल तर तिच्या डोक्यात दोन्ही वेगळ्या आहेत.

शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांचे मिळून मोजा. एका भाषेतले शब्द एकभाषिक मुलापेक्षा कमी भरतील, मिळून बघितलं तर सहसा कमी भरत नाहीत. दोन्ही भाषांत एकदमच उशीर होतोय, सांगितलेलं समजत नाही असं वाटलं तर मात्र तज्ज्ञांना दाखवा, आणि त्यांना दोन्ही भाषांबद्दल सांगा.

आणि एक कळकळीने. मुलीला मराठी मोबाइलवर लावून देऊन येणार नाही. पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवली, काहींना समोर बसलेल्या माणसाने खेळत-वाचत बारा वेळा, काहींना तेच व्हिडिओवर. माणसाबरोबर खेळलेली बाळं चिनी आवाज ओळखायला शिकली, व्हिडिओवाली नाही.

रानपाखरू

आजीशी बोलताना वाढते! अगदी स्पष्ट वाढते, मी कधी असा विचारच केला नव्हता. मनापासून आभार.

मोगरवेल

सगळ्यांचं वाचून एकच भर घालते, भावनांबद्दल. मी दुसऱ्या भाषेत इतकी वर्षं काढली की स्वप्नंही त्यात पडतात, तरी शिवी आणि लाड मराठीतच लागतात जिव्हारी. हे फक्त मला होत नाही. 2012 मध्ये केसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मोठेपणी शिकलेल्या भाषेत प्रश्न विचारला तर माणसं तोट्याच्या भीतीने कमी हलतात, जास्त थंड डोक्याने निवड करतात. मला याचा फार उपयोग होतो, अवघड निर्णय असला की मी मुद्दाम दुसऱ्या भाषेत लिहून काढते. तुझ्या ऑफिसातल्या वादात तू जी शांत असतेस ना काठावरची, त्यात या अंतराचाही वाटा असेल.

पण "दोन भाषा येतात म्हणजे मेंदू तल्लख" असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं त्यावर मी भिस्त ठेवत नाही. बियालिस्टॉक यांच्या 2007 च्या टोरांटोतल्या अभ्यासात द्वैभाषिकांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सुमारे चार वर्षं उशिरा दिसली, हैदराबादच्या 2013 च्या अभ्यासात 648 रुग्णांत साडेचार वर्षांचं अंतर दिसलं, आणि ते निरक्षर लोकांतही दिसलं, हे मोलाचं आहे. पण लक्ष, एकाग्रता वगैरेच्या फायद्याबद्दलचे बरेच दावे नंतरच्या मोठ्या तपासणीत टिकले नाहीत. भाषा शिकायची ती माणसांसाठी. औषध म्हणून शिकणाऱ्याला ती धड लागत नाही असं माझं मत आहे.

पहिल्या भाषेची काळजी मात्र घ्या. 2003 मध्ये पालिये यांनी फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांचा मोठेपणी अभ्यास केला. तीन ते आठ वर्षांची असताना ती गेली होती, म्हणजे काहींना कोरियन चांगली बोलता येत असणार, पण मोठेपणी त्यांना ती ओळखताही येईना, मेंदूच्या स्कॅनमध्ये कोरियन आणि इतर अनोळखी भाषा यांत फरक दिसला नाही. मोठ्या माणसाची भाषा अशी पुसली जात नाही, पण न वापरलेले कोपरे गंजतातच.

काठावरची

हे शेवटचं वाचून जरा धसका घेतला. शब्दवेडी, मग आईला काम मराठीत सांगता येत नाही त्याचं काय करू? प्रत्येकासाठी जड मराठी शब्द शोधले तर आईलाही कळणार नाही.

शब्दवेडी

जड शब्द शोधूच नकोस. आईला नावं नकोत, तुझा दिवस हवाय. सकाळी पहिलं काय करतेस, कोण कोणावर अवलंबून असतं, काय बिघडलं की तुला फोन येतो, तू काय करतेस म्हणजे ते सुटतं. ही सगळी क्रियापदं तुझ्याकडे मराठीत आहेत. चार-दोन नामं तिकडचीच राहू दे, आई त्यांना सरावेल. फोनवर रेकॉर्ड करून बघ, पाच मिनिटं, जिथे अडशील तिथे न थांबता वळसा घालून सांग. दुसऱ्यांदा सांगशील तेव्हा वळसा छोटा होईल.

आणि असंच त्या मैत्रिणीला तिच्या भाषेत तुझ्या आईबद्दल सांग. ऑफिसात नाही, बाहेर. त्या भाषेत तू आईबद्दल कधी बोलली आहेस का?

काठावरची

नाही. एकदाही नाही. शनिवारी भेटणार आहोत आम्ही, तेव्हा बोलते.